आक्काच्या रीडरमध्ये मंद्रूपचा शेळीवाला

आक्का, तुझ्या दहाव्याच्या दिवशी मंद्रूपच्या त्या शेळीवाल्याचा नवीन लेख आला.

नदीवरून सगळे घरी परतले होते. मंडपात माणसं हळू आवाजात बोलत बसली होती, आत बायकांची भांड्याला भांडं न लावता कामं चालली होती. तुझी सुजाता मला हाताला धरून तुझ्या खोलीत घेऊन गेली. म्हणाली, "मामा, आईचा कॉम्प्युटर एकदा बघ की. काय चालू ठेवायचं, काय बंद करायचं, मला काहीच कळंना झालंय." पडद्यावर तुझा फीड रीडर उघडाच होता. आणि सगळ्यात वर, ठळक अक्षरात, हा बाबा: पावसाळ्यात करडांची काळजी. माझे डोळे भरलेले होते, तरी तळपायाची आग मस्तकात गेली. म्हटलं, आजचा एक दिवस तरी गप बसायचं होतंस की रं!

तू म्हणशील, बापू, मेलेल्या बहिणीला लिहायला बसलास आणि पहिल्याच ओळीत शेळ्या? व्हय, शेळ्याच. तुझ्याविषयी चांगलं चांगलं बोलणारे मंडपात भरपूर होते. त्यांनी तुझा स्वभाव सांगितला, तुझ्या हातची शेंगाचटणी सांगितली, एमआयडीसीतल्या टॉवेल कारखान्यात तू किती वर्षं इमानानं नोकरी केलीस ते सांगितलं. मला त्यातलं काही सांगायचं नाही. मला तुझ्याशी भांडायचं आहे. आपलं भांडण अर्धं राहिलं आणि तू उठून गेलीस. ही काय रीत झाली?

एक कबूल करतो, तुला लिहायचं म्हणून 'हाय-न्हाय' सोडून शाळेतल्या भाषेत लिहितोय. नाहीतर वरूनही चुका काढशील.

भांडणाची सुरुवात कुठून झाली ते आठवतं? तू रिटायर झालीस तेव्हापासून. कारखान्याच्या ऑफिसात तुझं कामच होतं म्हणे, जगभरच्या साइटींवर लक्ष ठेवायचं. कापसाचे भाव, बंदरावरच्या सूचना, परदेशातली प्रदर्शनं. शंभर दारं रोज कोण ठोठावणार, म्हणून तू हे फीडचं शिकून घेतलंस. मला समजावलं होतंस तेही आठवतं. तुझ्या ओट्यावर बसून मी कडक भाकरी मोडत होतो आणि तू म्हणालीस, "हे बघ बापू, आपल्याला हव्या त्या साइटी ह्याला एकदा सांगून ठेवायच्या. तितं कायबी नवीन आलं की हे आपलं आपण आणून ठेवतं. आपण फकस्त वाचायचं. रोज जायला जमत न्हाय अशा दारांसाठी असतंय हे."

मी मान हलवली आणि दुसरी भाकरी घेतली. त्या शेवटच्या वाक्याकडे माझं लक्षही नव्हतं.

नोकरी सुटली, पण तुझा रीडर सुटला नाही. कापसाचे भाव गेले आणि त्यांच्या जागी माणसं आली. धारवाडच्या त्या बाई, ज्वारीचे पदार्थ लिहितात त्या. तो कोकणातला गडी, पाखरं बघत फिरतो तो. कुठला तरी रिटायर्ड पोस्टमास्तर, जुन्या कंदिलांविषयी लिहिणारा. कंदिलांविषयी, आक्का! मी सांगोल्याहून एसटीनं अंग आंबवून तुझ्याकडे यायचो, आणि तू चहा टाकता टाकता सांगायचीस, "आज त्या कोकणातल्याला धनेश दिसला की रं." मी म्हणायचो, "परवा मला लांडगा दिसला, त्याचं काय?" तू म्हणायचीस, "थोरल्या काळ्या मेंढीच्या मागं लागला हुता न्हवं?" मला वाटायचं, तुझ्या भावजयीनं फोनवर सांगितलं असेल. बायकांचं फोनवर काय राहतं का?

ह्या सगळ्यांना मी पचवलं असतं. पण एक दिवस त्यात शेळीवाला आला. मंद्रूपच्या बाजारात शेळ्या विकता विकता हा बाबा लिहायला लागला, आणि तू त्याला रीडरमध्ये घेतलंस. "लई झ्याक लिहितंय पोरगं," म्हणालीस. मी तीस मेंढरांचा धनी, तुझा सख्खा पाठचा भाऊ, मेंढरांवर साइट चालवणारा. ती साइट तूच उभी करून दिलेली. "माळावर एकटा बडबडत फिरतोस, त्यापरीस लिही," असं म्हणून तूच मला लिहायला बसवलंस. आणि रीडरमध्ये कोण? तर शेळीवाला! मेंढीवाला नाही!

घरी आलो आणि दोन दिवस नीट जेवलो नाही. तुझी भावजय म्हणाली, "अवो, शेळी तुमची सवत लागती व्हय?" सगळी आळी हसली. पिकतं तिथं विकत नाही म्हणतात, ते तेव्हा मला अंगानं कळलं.

मग मीही ठरवलं, आपलाही रीडर पाहिजे. तुझ्यापेक्षा भारी पाहिजे. मोबाईलवर शोधून एक झगमगीत घेतलं. रंगीत चित्रं काय, मिनिटामिनिटाला घंटी काय! तुला दाखवायला मुद्दाम सोलापूरला आलो. तू चष्मा वर केलास, दोनदा बोटानं सरकवलंस आणि म्हणालीस, "ह्यो तर तुला काय आवडंल ते स्वतःच ठरवतोय. तुझी मेंढरं वाड्यात शिरताना कोण मोजतं? तू का मेंढकं कुत्रं?" म्हटलं, "मी." "मग? जी जशी आली तशी दिसली पायजेत. वेळेच्या क्रमानं लावणारा घे. मधी कुणी शहाणा नको."

तेव्हा मला राग आला. पण तू पुढं पुढं सांगत गेलीस आणि मी, राग तसाच ठेवून, ऐकत गेलो. मोबाईलवर वाचलेलं कॉम्प्युटरवरही वाचलेलंच दिसलं पाहिजे, नाहीतर तेच ते दोनदा वाचत बसशील. माळावर रेंज नसते, तर सकाळी घरात असतानाच सगळं उतरवून घेणारा बघ. मराठी अक्षरांचे चौकोनी डबे करणारा असेल तर चार शिव्या घालून काढून टाक. आणि सगळ्यात महत्त्वाचं, निघताना बिऱ्हाड सोबत नेता आलं पाहिजे. तू पूर्वी वापरायचीस तो रीडर एक दिवस चालवणाऱ्यांनीच बंद करून टाकला होता. तुझ्या ऑफिसातली निम्मी माणसं रडकुंडीला आली, आणि तू मात्र सगळ्या साइटी एका फाइलीत बांधून दुपारपर्यंत दुसऱ्या घरात राहायला गेली होतीस. ते सांगताना तुझा चेहरा असा व्हायचा, जसं काही तू बायकामुलांसकट पुरातून गाव काढलंस.

त्या शेळीवाल्याला असं कुणी शिकवलं नसेल. हे मात्र माझं एकट्याचं. एवढं त्याच्यापेक्षा जास्त मला मिळालं, ते मी मोजून ठेवलंय.

पण माझा हट्ट काही गेला नाही. सरकारी साइटींना बऱ्याचदा फीडच नसतं, मग पान बदललं की कळवणारं वेगळं काहीतरी लागतं. तू म्हणालीस, ते मी लावून देते, पुढच्या खेपेला. मी कशाला थांबतो! स्वतःच लावलं. शेळ्या-मेंढ्यांच्या एका योजनेचे अर्ज निघणार होते, त्या पानावर पाळत ठेवली. दुसऱ्या दिवशी घंटी वाजली: पान बदललं! मी पान उघडून बघायचीसुद्धा वाट बघितली नाही. तुझ्या आधी, शेळीवाल्याच्या आधी मला कळलं होतं ना! पारावर जाऊन सांगितलं, अर्ज सुटले. माणसं टेंपो करून तालुक्याला गेली. आणि तिथं अर्जही नाही, काही नाही. संध्याकाळी सगळी परत आली ती थेट माझ्या दारात.

फोनवर तुला सांगितलं तर तू आधी पोट धरून हसलीस. मग स्वतः बघितलंस आणि आणखी हसलीस. "अरं बापू, पानाच्या खाली पाहुण्यांचा आकडा हाय. कोण आलं की एकानं वाढतो. तो आकडा बदलला, बातमी न्हाय! पानातला नेमका तुकडा निवडायचा असतो की, सगळं पान न्हाय." टेंपोतल्या लोकांनी मला पुढं महिनाभर 'पाहुणे' म्हणून हाक मारली. आपल्याकडं एकदा नाव पडलं की गेलं कुठं?

तू हसलीस, पण मला त्यातून भलतंच सुचलं. म्हटलं, असा पाहुण्यांचा आकडा माझ्याही साइटीला पाहिजे. तू नको म्हणालीस. "कशाला रं? फीडमधनं वाचणारी माणसं त्यात दिसत न्हायत. पेपर घरपोच घेणारा स्टॉलवर दिसतो का? किती जणांनी आपलं फीड लावलंय, तेवढं निराळं कळतं. ते वाचतात का न्हाय, ते देवाला ठाऊक." मी ऐकेना. शेवटी तू लावून दिलास. वर अट घातलीस की माझा मोबाईल त्यात मोजला जाणार नाही. "आपल्याच उंबऱ्यावर आत-बाहेर करून पाहुणे आले म्हणू नये माणसानं."

तो आकडा माझं व्यसन झाला, आक्का. सकाळी मेंढरं बाहेर काढायची, बांधावर बसायचं आणि आकडा बघायचा. नवीन काही लिहिलं की थोडा हलायचा. पण मी कुठं सारखा लिहितो? डाळिंबाचा बहर धरला की महिना महिना हातात पेन नाही. आणि गंमत म्हणजे तेव्हाही रोज सकाळी तो एकानं वाढलेला असायचा. एकानंच. उन्हाळा असो, पाऊस असो. मी लिहो, न लिहो.

मला काय आनंद! तुला टोमणा मारायला आयतं हत्यार मिळालं. म्हटलं, "तू नको वाचूस. माझा एक वाचक हाय. रोज येतो. काय नवीन नसलं तरी येतो. तुझ्या त्या शेळीवाल्याला हाय का असा?"

तू भाजी निवडत होतीस. मान वर न करता म्हणालीस, "आसंल कोण तरी रिकामटेकडा."

मला इतका राग आला होता! माझ्या एकुलत्या वाचकाला रिकामटेकडा म्हणतेस? मी म्हटलं, "जळतीस तू." तू म्हणालीस, "व्हय, जळती की," आणि मेथीच्या काड्या माझ्या अंगावर टाकल्यास.

गेल्या हिवाळ्यात तू हुरड्याला आलीस, तेव्हा मी सरळ विचारलं. आगटीशेजारी बसलो होतो, तू गरम कणसं तळहातावर चोळून मला दाणे देत होतीस. लहानपणी द्यायचीस तसेच. आधी मला, मग स्वतःला. त्यानं मी जरा विरघळलो आणि म्हणून विचारायचं धाडस झालं. म्हटलं, "आक्का, मला तितं घाल की. रीडरमधी. त्या शेळीवाल्याच्या खाली घाल हवं तर. पर घाल."

तू हात झटकलेस. म्हणालीस, "तुझी जागा तितं न्हाय, बापू."

बस. एवढंच. मी वाट बघितली, पुढं काहीतरी बोलशील. तू तिखटाची वाटी पुढं सरकवलीस आणि डाळिंबाला औंदा तेल्या रोग पडला का ते विचारायला लागलीस. मी उठून मेंढरांकडे गेलो. धारवाडच्या बाईंना जागा, कंदिलवाल्याला जागा, शेळ्यांना जागा, आणि पाठच्या भावाला नाही! तू एसटीत बसलीस तेव्हाही मी तोंड वर केलं नाही. तू खिडकीतून म्हणालीस, "गप रं, म्हातारा झालास तरी तसाच." तुझं ते हसू मला तेव्हा खुपलं होतं. आज तेच परत बघायला मिळावं म्हणून काय वाट्टेल ते देईन.

पुढं फोनवर बोलणं झालं, सगळं झालं, पण हा विषय मी मुद्दाम राखून ठेवला होता. म्हटलं, दिवाळीला बघतो तिच्याकडं. उंटावरून शेळ्या हाकते सोलापुरात बसून, आणि मेंढ्यांना विचारत नाही, असं सगळ्या पाहुण्यांसमोर बोलणार होतो. वाक्य पाठ करून ठेवलं होतं. तू ऐकायलाच राहिली नाहीस.

दहाव्याला तुझ्या खुर्चीत बसलो तेव्हा शेळीवाल्याचा लेख मी उघडला. उघडायचा नव्हता, पण उघडला. चांगला लिहिलाय, हे मेलं वाईट. करडाच्या नाकाला हात लावून ताप कसा ओळखायचा ते लिहिलंय. तू असतीस तर वाचून मान हलवली असतीस. मला जळजळ झाली आणि मग तुझ्या त्या खुर्चीच्या उशीचा वास आला, आणि मी तिथंच हुंदके द्यायला लागलो. सुजाता पाणी घेऊन आली. म्हणाली, "मामा, बंद करू का हे?" मी म्हटलं, राहू दे आत्ता.

तेरावं उरकून परवा गावाकडं आलो. इतके दिवस साइटीकडं बघायचं भान नव्हतं. काल सकाळी मेंढरं काढली, बांधावर बसलो, सवयीनं आकडा बघितला. मला तो तोंडपाठ असतो. तू गेल्याची खबर आली त्याच्या आदल्या सकाळी होता, तोच. म्हटलं, रेंज नसेल. ओढ्याच्या पलीकडं चढावर जाऊन परत बघितलं. तोच.

आज सकाळी पुन्हा तोच. मी मोबाईल हातावर आपटत होतो. तुझी भावजय भाकरी घेऊन आली होती. ते बघून म्हणाली, "आक्कांचं डोळ्याचं आप्रेशन झालं तवाबी असाच थांबला हुता की. तवाबी तुमी मोबाईल आपटला हुता."

एवढं बोलून ती मेंढरांना हाकायला गेली. तिला कळलंसुद्धा नाही, ती काय बोलून गेली.

काखेत कळसा आणि गावाला वळसा, आक्का. तुझ्या त्या डोळ्याला पट्टी होती, डॉक्टरनं पडद्याकडं बघायला बंदी केली होती, आणि इकडं माझा वाचक गायब झाला म्हणून मी सुतकी चेहऱ्यानं फिरत होतो. पट्टी निघाली आणि माझा वाचक परत आला. त्या दिवशी मी आनंदानं मेंढरांना मीठ चारलं होतं. तुला फोन करून सांगितलंही होतं, आला बघ माझा माणूस! तू म्हणालीस, "आला व्हय? बरं झालं बाबा."

काळी मेंढी तुला कुणी सांगितली नव्हती. तू माझ्या साइटीवर वाचली होतीस. रोज जायला जमत नाही अशा दारांसाठी फीड असतं, हे तू पहिल्याच दिवशी सांगितलं होतंस. त्यात नवीन काही आलं तरच ते येतं. माझ्याकडं तू नवीन काही नसतानाही यायचीस. महिना महिना तोच जुना लेख, तेच मेंढराचं तोंड, आणि तू आपली सकाळचा चहा झाला की येऊन, बघून जायचीस. माझी जागा तिथं नव्हती. बरोबर बोललीस. पण फोड करून सांगायला तुझं काय जात होतं गं? एका शब्दानं सांगितलं असतंस तर मी हिवाळ्यात एसटीच्या खिडकीशी तोंड फिरवून उभा राहिलो असतो का? हा राग मी सोडणार नाही. वर येईन तेव्हा पहिलं भांडण हेच.

आता मला त्या कधीच नसलेल्या रिकामटेकड्याचा हेवा वाटतो. त्याला तुझ्या रोजच्या सकाळी मिळाल्या आणि मी त्या त्याच्या नावावर जमा करत बसलो.

सुजाताला आत्ताच फोन केला. म्हटलं, आईचा रीडर बंद करू नको, चालू दे. ती म्हणाली, वाचणार कोण मामा? म्हटलं, कुणी नको वाचू दे. तो आपलं आणत राहील. धारवाडच्या बाई नवीन थालीपीठ लिहितील, कंदिलवाला कंदील पुसेल, कोकणातल्याला पाखरू दिसेल, आणि तो शेळीवाला करडांची नाकं धरत बसेल. त्या सगळ्यांच्या लेखी सोलापूरची बाई अजून त्यांचं फीड लावून आहे. तू गेलीस हे त्यांना कधीच कळणार नाही.

माझ्या दारातला आकडा तेवढा थांबला, आक्का. मला एकट्याला कळलं.